अनोळखी माणसासाठी भरलेली बॅग

बॅग भरण्याच्या कामात आपल्या मंडळींचा हात कोणी धरणार नाही. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांत भाजणी, गोडा मसाला, कुकरच्या रिंगा, लेकीचे घुंगरू आणि शेजारच्या काकूंनी "एवढंसंच आहे हो" म्हणत हातात दिलेलं दीड किलोचं पार्सल बसवायचं, आणि तरीही विमानतळावरच्या काट्याला बावीस किलो आठशे दाखवायला लावायचं, हे आपल्याला जमतं. जमतं, कारण प्रत्येक वस्तू कोणासाठी आहे हे आपल्याला ठाऊक असतं. माणसं डोळ्यांसमोर असली की बॅग आपोआप भरत जाते.

आमच्या गराजमध्ये खुंटीला एक बॅग टांगलेली आहे. तिच्यातली जवळजवळ एकही वस्तू कोणासाठी आहे, हे मला माहीत नाही. हिरवं हेल्मेट, हिरवं जाकीट, गॉगल, जाड चामडी हातमोजे आणि गुडघ्यांची पॅडं माझ्यासाठी, ती सोडून द्या. बाकी विजेरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, मेणखडू, चिकटपट्टी, दोरी, बँडेजांची पुडकी, रबरी हातमोज्यांचं खोकं, एन-९५ मास्क, गॅसचा कॉक फिरवायचा बारा इंची पाना आणि चार रंगांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची रिळं. हे सगळं अशा एका दिवसासाठी आहे जो कधी येईल ते सांगता येत नाही, आणि अशा माणसासाठी आहे ज्याचं नावही मला ठाऊक नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठा भूकंप झाला की अग्निशामक दलाचे बंब सगळीकडे एकाच वेळी पोचू शकत नाहीत. पहिले काही तास, कदाचित काही दिवस, आपल्या गल्लीत आपणच असतो. म्हणून अमेरिकेत गावोगावी साध्या नागरिकांना जुजबी प्रशिक्षण देऊन पथकं तयार केली जातात. 'कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम', म्हणजे 'सर्ट'. सुरुवात लॉस एंजेलिसच्या अग्निशामक दलाने १९८५ च्या सुमारास केली, आणि १९९३ पासून केंद्र सरकारच्या 'फीमा' या खात्याने तो कार्यक्रम देशभर नेला. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ च्या भूकंपानंतर, १९९० मध्ये आपला वेगळा कार्यक्रम काढला. साधारण वीस तासांचा अभ्यासक्रम असतो. त्यात आग विझवणं, गॅस बंद करणं, जखमा बांधणं, ढिगाऱ्याखालच्या माणसाला तरफेने मोकळं करणं असं शिकवतात. बहुतेक ठिकाणी फी नसते. (फुकट असूनही आपली माणसं तिथे कमी दिसतात, याचं मला नवल वाटतं.)

आम्ही राहतो त्या भागाखालून हेवर्ड फॉल्ट जातो. त्याने शेवटचा मोठा हिसका २१ ऑक्टोबर १८६८ रोजी दिला. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत बे एरियात ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के धरली आहे. तेव्हा बॅग भरण्याला कारण लागत नाही. मला बोलायचं आहे ते बॅग भरताना जे प्रश्न पडतात त्यांबद्दल.

पहिला प्रश्न अगदी सोपा वाटतो. आधी कोण? प्रशिक्षणात क्रम सांगतात तो असा: आधी स्वतः, मग घरचे, मग शेजारी, आणि मग पथक. आपल्याकडे आधी पोटोबा मग विठोबा असं म्हणतात, त्याची ही कॅलिफोर्नियातली आवृत्ती. परोपकाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्या मनाला हा क्रम सुरुवातीला खटकला. स्वतःला पहिला नंबर देऊन कोणी सेवा करतं का? पण थोडा विचार केल्यावर लक्षात येतं की ही काही लाडाची जागा नाही, ते एक कर्तव्य आहे. ज्याचं स्वतःचं पाण्याचं पिंप रिकामं आहे, ज्याचं कपाट भिंतीला बांधलेलं नाही, तो भूकंपानंतरच्या पाचव्या मिनिटाला मदत मागणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो. माणशी रोज एक गॅलन पाणी घरात भरून ठेवणारा माणूस त्या रांगेतून स्वतःला आणि आपल्या कुटुंबाला आधीच बाजूला काढतो. दुसऱ्यासाठी करायची ही पहिली गोष्ट, आणि ती दिसते मात्र स्वतःसाठी केल्यासारखी.

दुसरा प्रश्न इतका सहज सुटत नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी मेक्सिको सिटीला ८ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. इमारती कोसळल्या तेव्हा आसपासची साधी माणसं, विद्यार्थी, मजूर, दुकानदार, हाताने विटा उपसत ढिगाऱ्यात शिरली. कोणाजवळ हेल्मेट नव्हतं, बॅग तर नव्हतीच. आमच्या प्रशिक्षणात जो आकडा सांगतात तो असा की या स्वयंसेवकांनी सुमारे ८०० लोकांना जिवंत बाहेर काढलं, आणि ते करताना त्यांच्यातले सुमारे १०० जण स्वतः मेले. लॉस एंजेलिसच्या अधिकाऱ्यांनी मेक्सिकोला जाऊन हे पाहिलं, आणि 'सर्ट'ची कल्पना त्यातून पुढे आली. म्हणून पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत एकच वाक्य कानीकपाळी ओरडून सांगतात, की वाचवणाऱ्याचा जीव आधी. इमारतीला जबर धक्का बसलेला दिसला तर आत जायचं नाही. बाहेर खूण करायची आणि पुढे सरकायचं. आतून हाक ऐकू आली तरीही.

आता खरं सांगा, वाचकहो, त्या शंभर जणांना चुकीचं म्हणायला कोणाची जीभ रेटेल? माझी रेटत नाही. त्यांच्यामुळे आठशे घरांत दिवा लागला. आणि तरीही, आत जाऊ नका हा नियम मला बरोबर वाटतो. वाचवणारा अडकला की एकाचे दोन होतात, आणि त्याच्या पाठीवरची बॅगही ढिगाऱ्याखाली जाते. पण हा हिशेब बाहेर उभं राहणाऱ्याचा झाला. आत स्वतःचं लेकरू असेल त्या आईला तुम्ही हा हिशेब समजावून दाखवा. माझी लेक आत असती तर मी नियम पाळला असता का? नाही पाळला. मग जो नियम मी माझ्या मुलीच्या बाबतीत मोडेन तो दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत पाळण्याचा मला काय अधिकार?

बरीच वर्षं हा प्रश्न माझ्याजवळ आहे. त्याचं पूर्ण उत्तर सापडलं असं मी म्हणणार नाही, पण प्रशिक्षणातल्याच एका छोट्याशा नियमात त्याची वाट दिसते. जोडीदाराशिवाय एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, असा तो नियम. मला वाटे की हा सोयीसाठी आहे. एकाने तरफ धरायची, दुसऱ्याने ठोकळे सरकवायचे. पण त्यात माणसाच्या स्वभावाची मोठी ओळख आहे. हाक ऐकल्यावर एकटा माणूस थांबू शकणार नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून माझा विवेक माझ्या एकटीच्या डोक्यात न ठेवता त्यांनी तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. तो माझं जाकीट धरून ठेवेल, मी त्याचं. आणि जिथे इमारत थोडीफार उभी आहे, जिथे आत जाणं शक्य आहे, तिथेही तोच मला आत नेईल. कारण थांबण्याच्या नियमाचा आडोसा करून भित्रेपणा लपवणंही एकट्या माणसाला फार सोपं असतं.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मेक्सिकोच्या त्याच ढिगाऱ्यांतून 'टोपोस' नावाचं स्वयंसेवकांचं पथक उभं राहिलं. जमिनीत बिळं करणाऱ्या एका प्राण्याचं स्पॅनिश नाव ते. उघड्या हातांनी सुरुवात केलेली ही माणसं पुढे तंत्र शिकली आणि इतर देशांतल्या भूकंपांतही धावून गेली. म्हणजे त्यांनी आत शिरणं सोडलं नाही. आत कसं शिरायचं ते शिकून घेतलं.

रंगीत पट्ट्यांची रिळं भरताना मात्र माझा हात थबकतो. एकाच वेळी अनेक जखमी असतील तर कोणाला आधी बघायचं, याची एक पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच न्यूपोर्ट बीच इथे तयार झाली. आम्ही तीच शिकतो. आधी मोठ्याने ओरडायचं, "ज्यांना चालता येतं त्यांनी माझ्या आवाजाकडे या." जे आले त्यांना हिरवी पट्टी. मग आपण उभ्या आहोत तिथून सुरुवात करून प्रत्येकाला जेमतेम तीस सेकंद. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल पट्टी. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला नाही, तर लाल. "माझा हात दाब" म्हटलेलं कळलं नाही, तर लाल. हे सगळं ठीक असेल, पण उठता येत नसेल तर पिवळी. श्वासच नसेल तर मान मागे करून श्वासमार्ग मोकळा करायचा, दोनदा. तरीही श्वास नाही, तर काळी पट्टी, आणि पुढचा माणूस. एरवी आपण ज्याला सीपीआर म्हणतो, ते इथे नाही. एका माणसात दोन जण अडकून पडले तर पलीकडचे तिघे रक्त वाहून जातील.

एखाद्या शांत रविवारी, चहा पिऊन, गराजमध्ये बसून, कोणाला तरी सोडून पुढे जायचं हे आधीच ठरवून ठेवणं हे क्रूर नाही का? माझ्या एका मैत्रिणीने तसं स्पष्ट म्हटलं. तिचं म्हणणं असं, की त्या क्षणी हृदय जे सांगेल ते खरं. मला ते पटत नाही. हृदय काय सांगतं हे आपण रोज पाहतो. ते आधी ओळखीच्याकडे धावतं, मग जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे, मग जो आपली भाषा बोलतो त्याच्याकडे. गप्प पडलेला, परक्या चेहऱ्याचा माणूस शेवटी उरतो, आणि बहुधा त्यालाच सर्वांत जास्त लागलेलं असतं. चेहरे दिसण्याआधी केलेला नियम त्या गप्प माणसाच्या बाजूने असतो. तापलेल्या डोक्यापेक्षा थंड डोकं इथे अधिक दयाळू ठरतं, असं माझं मत आहे.

पण काळ्या पट्टीचं काय? नियम मला पुढे जायची परवानगी देतो. ती परवानगी म्हणजे माफी आहे असं मी मानत नाही. मी डॉक्टर नाही, आणि मेलेला कोण हे ठरवायला मला कोणी नेमलेलं नाही. त्या पट्टीचा मी माझ्यापुरता एक अर्थ लावला आहे. इथे कोणीतरी थांबलं होतं, तीस सेकंद का होईना, या माणसाच्या कपाळावर कोणाचा तरी हात होता, तो बेवारस पडलेला नव्हता, हे मागून येणाऱ्याला त्या पट्टीने कळतं. म्हणून रीळ पिशवीच्या तळाशी न टाकता मी ते वरच्या कप्प्यात ठेवते.

आता मास्कची गोष्ट. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, आणि त्या धुराने आमच्याकडची आकाशंसुद्धा कितीतरी दिवस करडी होती. तेव्हा वीस-वीसची दोन खोकी घेऊन मी बॅगेच्या खाली ठेवली. मार्च २०२० मध्ये रुग्णालयांत एन-९५ मास्कची टंचाई झाली, घरात असतील तर द्या अशी आवाहनं निघाली, आणि ओळखीतल्या एका नर्सने मला विचारलं. ती एकच मास्क अनेक दिवस वापरत होती.

आमच्याकडे यावर रीतसर वाद झाला. ह्यांचं म्हणणं, की ते मास्क आपले नाहीतच. ते तू गल्लीसाठी ठेवलेस. उद्या धूर आला, भूकंप झाला, तर त्या माणसाला तू काय सांगणार? त्याच्या ठेवीतून उचलून तू दुसऱ्याला दिलंस. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मलाही ते पूर्वी कधीतरी दिलेलं वचनच वाटत होतं. पण वचन कोणाला? ज्याला अजून चेहरा नाही त्याला. आणि दारात उभी होती तिला चेहरा होता, आणि तिच्या नाकावर पट्टीने पडलेला वळ होता. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण सांगताना देश, काळ आणि पात्र हे तिन्ही पाहायला सांगितलं आहे, आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला दिलेलं दान श्रेष्ठ म्हटलं आहे. बॅग म्हणजे, मला वाटतं, अर्धवट केलेलं दान. द्यायचं ठरलं आहे, वस्तू बाजूला काढली आहे, फक्त देश, काळ आणि पात्र यांची जागा कोरी आहे. त्या दिवशी तिन्ही जागा एकदम भरल्या. मी दोन्ही खोकी दिली. फक्त चार सुटे मास्क ठेवले.

ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून रानं पेटली. ९ सप्टेंबरला तर दिवसाढवळ्या आकाश नारिंगी झालं आणि भर दुपारी घरात दिवे लावावे लागले. समोरच्या दम्याच्या आजोबांना मी चारातले दोन मास्क दिले. ह्यांनी काही म्हटलं नाही, पण न म्हणण्यातही एक सूर होता. माझं मत आजही बदललेलं नाही. साठवण कोणासाठी तरी असते म्हणून तिला अर्थ आहे. तो 'कोणीतरी' समोर येऊन उभा राहिल्यावरही जी साठवण हलत नाही, ती नुसती अडगळ. मात्र ह्यांच्या मुद्द्यातला एक भाग मी मान्य करते. दिल्यानंतर जागा पुन्हा भरणं हे देण्याइतकंच बंधनकारक आहे, आणि ते काम कंटाळवाणं असल्याने बहुधा राहून जातं.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? २६ जुलै २००५ ला मुंबईत कोणाकडे बॅग होती? त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली, हाताला धरून पाण्यातून पार नेलं. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक त्या रात्री असेच कोणाच्या तरी घरी झोपले. इथेही १७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी भूकंप झाला आणि ओकलंडचा दुमजली सायप्रेस महामार्ग कोसळला, तेव्हा बंब येण्याआधी आजूबाजूच्या वस्तीतली माणसं आणि कारखान्यांतले कामगार शिड्या-दोर घेऊन वर चढले होते. माणुसकी बॅगेत भरून ठेवावी लागत नाही, हे अगदी खरं.

पण त्या मुंबईकरांकडे काहीच तयारी नव्हती, हे मला मान्य नाही. कोणत्या गल्लीत उघडं गटार आहे, कोणाचं घर उंचावर आहे, कोणत्या खोलीत म्हातारी एकटी राहते, हे त्यांना पाठ होतं. ती ओळख हीच त्यांची बॅग होती, वर्षानुवर्षं नळावर आणि जिन्यात भरलेली. आपण इथे पंधरा-पंधरा वर्षं राहतो आणि तिसऱ्या घरातल्या माणसाचं आडनाव आपल्याला सांगता येत नाही. गराजचं दार रिमोटने उघडतं, गाडी आत जाते, दार बंद होतं. जिथे ओळख नाही तिथे निदान बॅग तरी हवी. म्हणून माझ्या बॅगेतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गल्लीचा हाताने काढलेला नकाशा. गॅसचे मीटर कुठे आहेत, ऑक्सिजनचं यंत्र कोणाकडे, चाकाची खुर्ची कोणाकडे, असं त्यावर लिहिलेलं आहे. तो काढायला मला तीन शनिवार दारोदार हिंडावं लागलं. एका घराने दार उघडलं नाही, आणि एकाने आपली माहिती द्यायची नाही असं सभ्यपणे सांगितलं. त्यांचा तो हक्क आहे. नकाशावर ते घर मी कोरं ठेवलं आहे.

त्या तीन शनिवारांत एक गोष्ट अशी लक्षात आली जी आपल्या मंडळातल्या प्रत्येक घराने ऐकावी. आठवड्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता गल्लीतल्या सात घरांत फक्त म्हातारी माणसं असतात. मुलं शाळेत, कमावते लोक कामावर, कोणी पुलाच्या पलीकडे. त्यांतल्या दोन घरांत भारतातून आलेले आई-वडील, एका घरात अफगाण आजी, एका घरात चिनी जोडपं. इंग्रजी बेताचंच. जर भूकंप त्या वेळी झाला आणि पूल बंद पडले, तर तुमच्या आईपर्यंत तुम्ही पोचणार नाही. पोचेल तो कोणीतरी दुसरा, ज्याला तुम्ही कधी 'हॅलो'पलीकडे बोललेला नाहीत. म्हणजे तुमची आई आजही कोणाच्या तरी बॅगेच्या भरवशावर आहे. मग आपल्या खुंटीवरची बॅग हा परोपकार उरत नाही. मी अफगाण आजींचा दंड बांधायला तयार राहायचं, आणि पलीकडच्या कोणीतरी माझ्या सासूबाईंचा. देणारे आणि घेणारे एकमेकांना भेटतीलच असं नाही.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा १९७२ चा एक गाजलेला दाखला आहे. उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं, तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून आपण थांबू का? थांबणार नाही, मग दूरदेशीच्या भुकेल्या मुलासाठी पैसे द्यायला का थांबतो? हा दाखला आपल्या लोकांना चांगला पटलेला आहे. २००१ चा भूजचा भूकंप असो की २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, आपल्या मंडळांचे चेक लगेच निघतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तळं खोल असेल तर? मग "उडी मारशील का" या प्रश्नाआधी "पोहायला शिकली होतीस का" हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर काठावर देता येत नाही. समर्थांनी दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरं स्थान सावधपणाला दिलं आणि चौथं साक्षेपाला. लहानपणी मला सावधपण हा व्यवहारातला चतुरपणा वाटायचा. आता वाटतं, अजून न भेटलेल्या माणसाची आठवण ठेवण्याचाच तो एक प्रकार आहे.

दर मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळं बदलतात त्या रविवारी मी बॅग जमिनीवर उपडी करते. सेल तपासते, औषधांच्या तारखा बघते, नकाशावर कोण आलं-गेलं ते लिहिते. आमच्याकडे आलेल्या आजी-आजोबांच्या गोळ्यांची यादी भारतातल्या ब्रँडच्या नावांनी न लिहिता औषधाच्या मूळ नावाने लिहून ठेवायची, हेही याच रविवारी. यंदा बॅग उचलताना खांदा कुरकुरला. पहार काढून ठेवली. ती आता दोन घरं सोडून राहणाऱ्या व्हिएतनामी कुटुंबातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे आहे; त्याने या वर्षी प्रशिक्षण पूर्ण केलं आणि तोच माझा जोडीदार आहे. नकाशावर त्याच्या घरापुढे मी पहारीची खूण केली आहे, आणि त्याने आपल्या वहीत माझ्या घरापुढे पाना आणि मराठी-हिंदी बोलणारी बाई, अशी नोंद केली आहे.